हायस्कूलच्या प्रश्नमंजूषेत प्रत्येक संघाला दिवसभर खेळू द्यावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव परिसरातील माध्यमिक शाळांसाठी एखाद्या विद्यापीठाने दरवर्षी मोठी प्रश्नमंजूषा स्पर्धा भरवावी, अशी मागणी शिक्षकांच्या बैठकांतून आणि मुख्याध्यापकांच्या बोलण्यातून अधूनमधून कानावर येते. मागणी रास्त आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून येथे आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून आहे, शिवाय केएलई संस्थेचे अभिमत विद्यापीठ आहे. एवढा पसारा असलेल्या शहराने हायस्कूलच्या मुलांसाठी वर्षातून एक दिवस आपल्या वर्गखोल्या उघडाव्यात, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे. मात्र स्पर्धा कोणत्या पद्धतीने घ्यायची याचा विचार आधी व्हायला हवा, कारण सध्या रूढ असलेली पद्धतच मोठ्या सभागृहात नेली तर खर्च तेवढा वाढेल आणि मुलांच्या पदरात आजच्याइतकेच पडेल. माझे म्हणणे असे की, आलेल्या प्रत्येक संघाला संध्याकाळपर्यंत खेळायला मिळाले पाहिजे, तेही त्याच्या शिक्षणाच्या माध्यमातून, आणि आयोजकांनी आपली शक्ती व्यासपीठापेक्षा प्रश्न लिहिण्यात व ते नीट वाचून दाखवण्यात खर्च करावी.

सध्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. सकाळी सगळ्या संघांची लेखी चाळणी होते, तिच्यातून पाच-सहा संघ व्यासपीठावर जातात, आणि उरलेले संघ टाळ्या वाजवायला खाली बसतात किंवा बसथांब्याकडे वळतात. दूरचित्रवाणीवरील क्विझच्या कार्यक्रमांनी ही रीत आपल्या अंगवळणी पाडली आहे. त्या कार्यक्रमांना प्रेक्षक खिळवून ठेवायचा असतो, तेव्हा तिथे ती शोभते; शाळांच्या स्पर्धेत मात्र तिचा अर्थ एवढाच होतो की, ज्या संघांना सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच सर्वांत आधी बाहेर पडतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका आंतरशालेय स्पर्धेला जांबोटीच्या पलीकडच्या एका मराठी शाळेची मुले घेऊन मी गेलो होतो. चाळणीची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत छापलेली होती. वीस मिनिटांत ती लिहून झाली, अकराच्या सुमारास निवडलेल्या संघांची नावे पुकारली गेली आणि दुपारच्या बसने आम्ही परतीच्या वाटेला लागलो. त्या संघातल्या एका मुलीला घाटमाथ्यावरच्या नद्यांचे उगम, त्यांच्या उपनद्या आणि त्यांच्यावरची धरणे तोंडपाठ होती. तिला त्यातले काही विचारण्याची वेळच त्या दिवशी आली नाही. शाळकरी मुलांच्या कलागुणांसाठी शासन भरवत असलेल्या प्रतिभा कारंजी स्पर्धेतही पातळी-पातळीवर गळती होत जाते, आणि पुढे जाणाऱ्या मोजक्या मुलांचेच नाव होते. तिथे निदान स्पर्धा गावाजवळ सुरू होते, एवढा दिलासा.

याहून वेगळी पद्धत अमेरिकेत अनेक वर्षे रुळलेली आहे. तिकडे तिला ‘क्विझ बोल’ म्हणतात. १९५३ मध्ये एनबीसी रेडिओवर महाविद्यालयांच्या संघांमधील प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू झाला, १९५९ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला, आणि त्यातूनच हा खेळ महाविद्यालयांत व पुढे हायस्कुलांत पसरला. १९९६ मध्ये स्थापन झालेली एनएक्यूटी ही संस्था प्रश्नसंच पुरवते आणि १९९९ पासून हायस्कुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरवते. आपल्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. तिकडच्या हायस्कूल स्पर्धांपैकी बऱ्याच स्पर्धा विद्यापीठातील विद्यार्थ्यांची मंडळे भरवतात. शनिवारी विद्यापीठाच्या वर्गखोल्या रिकाम्या असतात, त्या मिळवायच्या. मंडळाच्या सदस्यांनी प्रश्न वाचायचे, गुण लिहायचे, निकालांची जुळणी करायची. आणि शाळांकडून आलेल्या प्रवेशशुल्कातून मंडळाने आपल्या स्वतःच्या स्पर्धांचा प्रवासखर्च भागवायचा. माझा एक माजी विद्यार्थी तिकडे शिकत असताना अशा स्पर्धांत गुणलेखकाचे काम करत असे. त्याच्याकडून मी हे बारकाईने समजून घेतले, आणि ऐकताना वारंवार असे वाटत राहिले की यातले बहुतेक सगळे आपल्याला राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या भुतरामनहट्टीत किंवा तांत्रिक विद्यापीठाच्या मच्छेत करता येण्याजोगे आहे.

खेळ असा असतो. एका वर्गात चार-चार मुलांचे दोन संघ समोरासमोर बसतात आणि प्रत्येकाच्या हाताशी बझरचे बटण असते. वाचक मुख्य प्रश्न वाचू लागतो. उत्तर सुचताच कोणीही, प्रश्न पुरा होण्याची वाट न पाहता, बटण दाबू शकतो. बटण वाजले की वाचक शब्द अर्धवट सोडून तिथेच थांबतो आणि त्या मुलाने किंवा मुलीने साथीदारांशी न बोलता एकट्याने उत्तर द्यायचे असते. बरोबर उत्तराला १० गुण मिळतात. काही स्पर्धांत प्रश्नाच्या सुरुवातीच्या अवघड भागातच उत्तर दिले तर १५ मिळतात. आणि प्रश्न मध्येच तोडून चुकीचे उत्तर दिले तर ५ गुण वजा होतात व उरलेला प्रश्न प्रतिस्पर्धी संघाला पूर्ण ऐकायला मिळतो. मुख्य प्रश्न जिंकणाऱ्या संघाला तीन भागांचा जोडप्रश्न मिळतो. त्याच्या प्रत्येक भागाला १० गुण असतात आणि तिथे चौघांनी आपसात बोलून उत्तर ठरवायचे असते. एका सामन्यात साधारणपणे असे २० मुख्य प्रश्न होतात. पाठांतर करणाऱ्याला, धीर धरणाऱ्याला, धाडस करणाऱ्याला आणि चौघांत मिळून विचार करणाऱ्याला, अशा सर्वांना त्यात वाव असतो.

या पद्धतीचा प्राण प्रश्नाच्या बांधणीत आहे, आणि आपल्याकडे नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. ‘१९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष कोण होते?’ हा प्रश्न बझरवर विचारला तर बेळगावातल्या सर्वच मुलांना उत्तर ठाऊक असते आणि ज्याचे बोट चपळ त्याला गुण मिळतात. त्याला त्या अधिवेशनाबद्दल आणखी काही माहीत आहे की नाही, याचा पत्ता लागत नाही. क्विझ बोलमधला प्रश्न चार-पाच वाक्यांचा असतो, अवघड धागा आधी आणि सोपा शेवटी अशा क्रमाने तो उतरत येतो, आणि विचारले आहे ती व्यक्ती आहे, नदी आहे, ग्रंथ आहे की प्रक्रिया, हे पहिल्या वाक्यातच स्पष्ट केलेले असते. याच अधिवेशनावरचा प्रश्न बालवयातील गंगूबाई हनगल यांनी तिथे म्हटलेल्या स्वागतगीतापासून सुरू करता येईल, गंगाधरराव देशपांड्यांच्या आयोजनावरून व टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून पुढे नेता येईल, आणि महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन कोणते, असे विचारून संपवता येईल.

भूगोलातला एक प्रश्न नमुन्यादाखल पूर्णच देतो: ‘या नदीच्या काठावरील एका गावातील चालुक्यकालीन मंदिरसमूहाचा १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कूडलसंगम येथे ती कृष्णेला मिळते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे तिच्यावर बांधलेल्या धरणाच्या जलाशयाला रेणुकासागर म्हणतात. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावणारी ही नदी कोणती?’ शाळेच्या सहलीत बदामी-पट्टदकल पाहताना ज्याने मार्गदर्शकाचे बोलणे लक्ष देऊन ऐकले असेल, तो पहिल्याच वाक्याला मलप्रभा म्हणून मोकळा होईल. ज्याच्या घरचे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जातात त्याने डोंगरावरून तो जलाशय पाहिलेला असतो; तो तिसऱ्या वाक्याला बटण दाबेल. खानापूरच्या मुलाला शेवटच्या वाक्यात उत्तर मिळणारच, पण तोवर ते दुसऱ्याने नेलेले असू शकते. ज्याला जास्त माहीत त्याला आधी संधी, आणि थोडे माहीत असणाराही अगदी कोरडा राहत नाही. संपादकाने मग एवढे पाहावे की, एका फेरीत मलप्रभा आली तर दुसऱ्या फेरीत निपाणीच्या मुलांची वेदगंगा-दूधगंगा आणि गोकाकच्या मुलांची घटप्रभा यावी, नाहीतर स्पर्धा एकाच तालुक्याची होऊन बसेल.

आता भाषेच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या भागात तो टाळता येणार नाही, आणि त्याला वादाचे रूप देण्याचीही गरज नाही. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा येथे आहेत. तिघांचा राज्य अभ्यासक्रम एकच आहे, दहावीच्या प्रश्नपत्रिका शासनच तिन्ही माध्यमांत काढते, तेव्हा पारिभाषिक शब्द ठरलेले आहेत आणि ते पाठ्यपुस्तकांत उपलब्धही आहेत. अडचण दुसरीकडेच आहे. बझरवरचा प्रश्न ही शर्यत असते. एकाच वर्गात एक मराठी व एक कन्नड माध्यमाचा संघ बसवून तोच प्रश्न आधी एका भाषेत व मग दुसऱ्या भाषेत वाचला, तर जी भाषा आधी वाचली जाईल तिचा संघ प्रत्येक वेळी पुढे राहील. आलटून-पालटून वाचले तरी अन्याय फक्त आळीपाळीने होईल. दोघांनाही इंग्रजीतून ऐकवणे हा तर पळवाटेचा मार्ग झाला. त्यात गावाकडच्या दोन्ही संघांचे सारखेच नुकसान होते आणि शहरातल्या इंग्रजी शाळा बसल्या जागी जिंकतात.

म्हणून निदान पहिली काही वर्षे तीन माध्यमांच्या तीन स्वतंत्र साखळ्या आणि तीन विजेते असावेत, असे माझे मत आहे. यावर आक्षेप येईल की, आधीच भाषेवरून विभागलेल्या भागात मुलांनाही वेगवेगळे बसवायचे का? आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर खेळातच सापडते. जोडप्रश्न ही शर्यत नसते. तो दोन्ही भाषांत वाचून झाल्यावर विचाराचा वेळ सुरू करता येतो, त्यामुळे तिथे कोणाचे नुकसान होत नाही. तेव्हा दिवसाच्या शेवटी फक्त जोडप्रश्नांची एक फेरी घ्यावी आणि तिच्यात दोन मुले मराठी माध्यमाची व दोन कन्नड माध्यमाची असे मिश्र संघ चिठ्ठ्या टाकून करावेत. आपल्याकडची मुले बाजारात, बसमध्ये, मैदानावर दोन्ही भाषांतून लीलया बोलतात. चौघांनी मिळून एक उत्तर ठरवणे त्यांना काही जड जाणार नाही. उत्तर कोणत्याही भाषेतले ग्राह्य असावे. प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस आणि द्युतिसंश्लेषणे ही तिन्ही उत्तरे वाचकाच्या हातातील कागदावर आधीच छापलेली असली म्हणजे वाद उरत नाही. अमेरिकेतही उत्तराखाली काय मान्य करायचे, काय अमान्य करायचे आणि कोणत्या अर्धवट उत्तरावर ‘आणखी स्पष्ट करा’ असे म्हणायचे, हे लिहिलेले असते.

साखळीचा हिशेब अगदी सोपा आहे. प्रत्येक माध्यमातून ८ संघ घेतले तर एकूण २४ संघ होतात. ८ संघांची बाद पद्धतीने स्पर्धा घेतली तर ७ सामन्यांत निकाल लागतो आणि ४ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. तेच ८ संघ साखळी पद्धतीने खेळले तर प्रत्येक संघाला ७ सामने मिळतात. तिन्ही साखळ्या मिळून ८४ सामने होतात. एका फेरीत १२ सामने एकाच वेळी चालतात, म्हणजे १२ वर्गखोल्या लागतात. सरावलेला वाचक २० प्रश्नांचा सामना अर्ध्या तासात संपवतो. आपले वाचक नवखे असतील, तेव्हा एका फेरीला पाऊण तास धरावा. साडेनऊला सुरुवात केली तर जेवणापूर्वी चार फेऱ्या आणि जेवणानंतर तीन फेऱ्या होऊन पावणेचारच्या सुमारास साखळी संपते. मग तिन्ही माध्यमांचे अंतिम सामने एकाच वेळी, त्यामागून ती मिश्र फेरी, आणि साडेपाचपर्यंत मुले बसथांब्यावर. बुद्धिबळाच्या स्पर्धेत पहिला डाव हरलेल्या मुलाला कोणी घरी पाठवत नाही. इथेही सातही सामने हरलेला संघ सव्वाशेहून अधिक मुख्य प्रश्न ऐकून परत जाईल, आणि पुढच्या वर्षी तो निराळाच संघ असेल.

यात एक पथ्य कडक पाळावे लागते. एका फेरीत सर्व वर्गांत तोच प्रश्नसंच वाचला जातो, त्यामुळे फेरी सर्वत्र एकाच वेळी सुरू झाली पाहिजे, आणि सामना लवकर संपलेल्या मुलांनी दुसऱ्या वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभे राहता कामा नये. सगळ्यांत संथ वाचकाच्या वर्गावरच दिवसाचे वेळापत्रक ठरते. म्हणून वाचकांची निवड हा आयोजनातला सर्वांत नाजूक भाग आहे. प्राध्यापक मंडळींनी हे काम हौसेने मागितले तरी ते विद्यार्थ्यांकडे द्यावे, असे मी मुद्दाम सुचवतो. प्राध्यापकाला प्रश्न वाचता वाचता त्यावर दोन शब्द बोलण्याचा मोह आवरत नाही. मराठी साखळीसाठी मराठी माध्यमातून दहावी झालेले पदवीचे विद्यार्थी घ्यावेत, कन्नडसाठी कन्नड माध्यमातले घ्यावेत, आणि आधीच्या रविवारी त्यांची एक तालीम घ्यावी: आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का, बटण वाजताच थांबता येते का, उत्तर चुकीचे असताना चेहऱ्यावर काही न दिसू देता पुढचे वाचता येते का. वाचकाबरोबर प्रत्येक वर्गात एक गुणलेखक हवा. १२ वर्गांचे २४ विद्यार्थी आणि निकालाची जुळणी करायला चार-पाच जण, एवढे मनुष्यबळ राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका पथकातूनही उभे राहते. शाळांबरोबर आलेल्या शिक्षकांनाही गुणलेखनाला बसवता येईल, फक्त स्वतःच्या शाळेचा सामना असलेल्या वर्गात बसवू नये.

प्रश्न कुठून आणायचे? अमेरिकेत तयार संच विकत मिळतात, पण ते तिकडच्या शाळांसाठी लिहिलेले असतात आणि आपल्या दोन साखळ्यांना त्यांचा काही उपयोग नाही. इंग्रजी साखळीलाही फारसा नाही. तिकडच्या राष्ट्राध्यक्षांची नावे आपल्या मुलांनी घोकावीत, असे मला वाटत नाही. प्रश्न येथेच लिहावे लागतील. ७ फेऱ्या, अंतिम सामना आणि एक राखीव असे ९ संच धरले तर १८० मुख्य प्रश्न आणि १८० जोडप्रश्न होतात. ३० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ६ मुख्य व ६ जोडप्रश्न लिहिले तर एका भाषेचे काम भागते, आणि महाविद्यालयांतील मराठी, इतिहास, भूगोल, विज्ञान विभागांच्या प्राध्यापकांना इथे खरे काम आहे: तथ्य तपासणे, क्रम तपासणे, आणि दुसऱ्या वाक्यातच उत्तर फुटत असेल तर तो धागा खाली नेणे. साखळ्या स्वतंत्र असल्यामुळे एका भाषेतील संच दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा उतरवण्याची सक्ती उरत नाही. विज्ञान, गणित, भूगोल यांचे प्रश्न सामाईक ठेवावेत. साहित्याचे ज्या त्या भाषेचे असावेत. बेळगावात आयुष्य घालवलेल्या इंदिरा संत आणि बेळगावातच वाढलेले जी. ए. कुलकर्णी मराठी साखळीत यावेत, द. रा. बेंद्रे कन्नड साखळीत यावेत. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तिन्हीकडे चालतील. चालू घडामोडींना आपल्याकडे नको तेवढे स्थान मिळते. त्यांचे एका संचात दोन-तीनच प्रश्न ठेवावेत, कारण वर्षभर वाचन करणाऱ्यापेक्षा आदल्या महिन्याची मासिके चाळणाऱ्याला ते अधिक लाभतात.

बझरचा प्रश्न तांत्रिक विद्यापीठाच्या आवारात सुटण्याजोगा आहे. आठ बटणे, आठ दिवे आणि पहिले बटण दाबले गेले की बाकीची सात बंद पाडणारी एक पेटी, एवढेच ते यंत्र असते. आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रक-फळीवर काम करणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते प्रकल्प म्हणून सहज करतील. मोबाईलवरचे बझर मात्र वापरू नयेत. नेटवर्कच्या क्षणभराच्या विलंबाने गुण इकडचे तिकडे होतात, आणि मुलांच्या हाती मोबाईल देऊन पुन्हा त्यांच्यावर पहारा ठेवावा लागतो तो वेगळाच.

तक्रारींसाठी अमेरिकेतली एक रीत फार उपयोगी आहे. उत्तराविषयी हरकत असेल तर ती गुणलेखकाने कागदावर नोंदवायची आणि खेळ पुढे चालू ठेवायचा. सामना संपल्यावर त्या हरकतीने जय-पराजय बदलणार असेल तरच ती नियंत्रण कक्षाकडे जाते, आणि तिथे निर्णय देणाऱ्याला शाळेचे नाव सांगितले जात नाही. आपल्याकडे एका गुणावरून शिक्षक-शिक्षकांत जुंपते आणि अर्धा तास जातो, तो या पद्धतीने वाचेल.

तारखेचा विचार स्थानिक माणसानेच करावा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिम भागातून पावसामुळे बाहेर पडणे अवघड असते; नंतर सहामाही परीक्षा व दसऱ्याची सुटी येते; डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन असले की महामार्गावर बंदोबस्त आणि शहरात मुक्कामाची टंचाई; जानेवारीपासून दहावीच्या सराव परीक्षांची घाई. राहतो तो नोव्हेंबरचा उत्तरार्ध. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून रविवार धरावा. स्थळ भुतरामनहट्टी असेल तर निपाणी, संकेश्वरकडच्या शाळांना महामार्गाने सरळ येता येते, मच्छे असेल तर खानापूरकरांची सोय होते. एक वर्ष इकडे आणि एक वर्ष तिकडे असे करायलाही हरकत नाही. अथणी, कागवाडच्या संघांना मात्र आदल्या रात्री वसतिगृहात जागा द्यावीच लागेल. प्रवासखर्चाचा भार जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे थोडा हलका झाला आहे, कारण राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून मुलींना तिकीट पडत नाही. सरकारी शाळांना शुल्क माफ असावे. बाकीच्यांकडून जेवणापुरते घ्यावे. बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, तेव्हा पत्रके दोन्ही शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत आणि तिन्ही भाषांत निघावीत, म्हणजे आम्हाला कळलेच नाही असे म्हणायला कोणत्याही शाळेला जागा राहणार नाही.

राहता राहिला उद्घाटन समारंभ. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचे मनोगत यांत आपल्याकडे सहज दीड-दोन तास जातात, म्हणजे दोन फेऱ्या आणि २४ सामने जातात. समारंभ करायचाच असेल तर तो जेवणाच्या सुटीत, मुले ताटावर बसलेली असताना उरकावा. पाहुण्यांना एका वर्गात बसवून एक सामना दाखवावा, त्यांनाही भाषणापेक्षा तो अधिक आवडेल. बक्षिसाच्या ढालीवर खर्च करण्यापेक्षा तेवढ्या पैशांची पुस्तके घेऊन ती प्रत्येक सहभागी शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. स्पर्धा झाल्यावर विजेत्यांच्या छायाचित्राबरोबर मराठी साखळीचे संच दर आठवड्याला एक याप्रमाणे शैक्षणिक पानावर छापावेत. वापरून झालेले प्रश्न गुप्त ठेवण्याचे कारण नसते, आणि ज्या शाळांना पहिल्या वर्षी २४ संघांत जागा मिळणार नाही, त्यांना पुढच्या वर्षीच्या सरावासाठी तेवढे साहित्य घरपोच मिळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव